वडाळ्याची ‘यंग इंडिया’

विसाव्या शतकातल्या मराठी गाण्याचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो, त्यातला बराचसा भाग हा ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या एका कंपनीच्या गोदामाचा इतिहास आहे. हे विधान काहींना कडू वाटेल. पण क्रम तपासून पाहावा. ज्या ध्वनिमुद्रिकांचे साचे गोदामात जपले गेले, त्यांच्या पुढे एल.पी. निघाल्या. एल.पी.वरून कॅसेट निघाली, कॅसेटवरून सीडी. जे पुन्हा पुन्हा निघाले ते आकाशवाणीवर लागले, जे लागले ते लोकांच्या तोंडी राहिले, आणि जे तोंडी राहिले त्यावर लेख नि पुस्तके झाली. ज्यांचे साचे राहिले नाहीत, ते गायक वाईट गात होते असे नाही. त्यांची कंपनी दुसरी होती, एवढेच.

ती दुसरी कंपनी मुंबईत वडाळ्याला होती. ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी लिमिटेड’ असे तिचे लांबलचक नाव, आणि तबकडीवर छापलेले सुटसुटीत नाव ‘यंग इंडिया’. १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षे ती चालली. या काळात तिने दहा हजारांहून अधिक शीर्षके बाजारात आणली. वर्षाची सरासरी काढली तर ती ५०० च्या वर जाते. म्हणजे आठवड्याला नऊ-दहा. चित्रपटगीते, लोकप्रिय गाणी, शास्त्रीय संगीत असा सगळा माल त्यात होता. गाणाऱ्यांत काही नावाजलेले होते, पण मुख्य भरणा हौशी आणि नवख्या कलावंतांचा. १९५५ साली कंपनी बंद पडली आणि त्यानंतर या तबकड्या पुन्हा कधी छापल्या गेल्या नाहीत. आज त्या आहेत त्या संग्राहकांच्या कपाटांत, मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, आणि आमच्या महाड-पोलादपूरसारख्या गावांतल्या पोटमाळ्यांवर.

पोटमाळ्यांचे पुढे सांगतो. आधी ही कंपनी निघाली तेव्हा बाजार कसा होता ते पाहू. कारण ते कळल्याशिवाय वीस वर्षे टिकणे ही किती मोठी गोष्ट होती हे ध्यानात येत नाही.

हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण कलकत्त्याला नोव्हेंबर १९०२ मध्ये झाले. फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ त्यासाठी आला होता आणि गौहरजान ही त्या दौऱ्यातली सर्वांत गाजलेली गायिका. त्या वेळी मेणावर उमटवलेला आवाज बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तयार तबकड्या बोटीने परत येत. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कंपनीचा कारखाना निघाला आणि १९२८ च्या सुमारास डमडमला त्याहून मोठा. पुढे १९३१ साली इंग्लंडात ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया कंपनी एकत्र होऊन ‘ई.एम.आय.’ झाली. ओडियन हे मूळ जर्मन नाव. ते त्याआधीच कोलंबियाच्या मालकीत गेलेले असल्याने तेही याच छत्राखाली आले. आपल्याकडच्या दुकानात कुत्र्याची, कोलंबियाची आणि ओडियनची अशा तीन जातींच्या रेकॉर्डी शेजारी शेजारी लागलेल्या असत. गिऱ्हाइकाला वाटे तिघांत चुरस आहे. वर पाहिले तर धनी एकच. स्वस्त मालासाठी ‘ट्विन’ नावाची तबकडी होती, तीही त्यांचीच.

मग स्वतंत्र देशी कंपन्या नव्हत्याच का? होत्या. कलकत्त्यात १९३२ च्या सुमारास जे. एन. घोष यांची ‘मेगाफोन’ आणि चंडीचरण साहा यांची ‘हिंदुस्थान’ अशा दोन कंपन्या निघाल्या. ‘हिंदुस्थान’ने रवींद्रनाथांचा आवाज मुद्रित केला, कुंदनलाल सैगलना पहिली संधी दिली तीही याच कंपनीने. कौतुक करावे असेच त्यांचे काम आहे. पण एक मेख होती. गायक निवडणे, गाणे बसवणे, मुद्रण करणे हे त्यांचे. आणि तबकडी छापून मिळायची ती डमडमच्या कारखान्यात, म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच्याच घरी. स्वतःची गिरणी नसलेल्या शेतकऱ्याने प्रतिस्पर्ध्याच्या गिरणीत भात कांडायला न्यावे, तसा हा प्रकार. वडाळ्याच्या कंपनीचे वेगळेपण इथे आहे. तिच्या नावातच ‘मॅन्युफॅक्चरिंग’ आहे आणि ते शोभेला नाही: तिचा स्वतःचा कारखाना होता. नावातल्या ‘नॅशनल’चेही तसेच. गांधीजींचे ‘यंग इंडिया’ साप्ताहिक बंद पडून तेव्हा तीन-चारच वर्षे झाली होती, आणि १९३५ साली मुंबईत हे दोन शब्द वाचणाऱ्याला काय आठवत असेल ते सांगायला नको.

कारखाना म्हणजे नेमके काय लागे, ते थोडे विस्ताराने सांगतो. रेकॉर्डचा संग्रह करणाऱ्या मंडळींतही याची माहिती कमी आढळते.

स्टुडिओत गायक मायक्रोफोनसमोर गाई. तो आवाज विजेच्या जोरावर एका सुईला हलवी, आणि ती सुई फिरत्या जाड मेणाच्या थाळीवर चर कोरत जाई. दहा इंची तबकडीला सव्वातीन मिनिटांच्या आसपास, बारा इंचीला चार-साडेचार. एवढ्यात ख्याल आटपायचा. मेण इतके मऊ की कोरलेले वाजवून पाहिले तर ते खराब होई. म्हणून गाणे चुकले की थाळी तासून पुन्हा गुळगुळीत करायची आणि पहिल्यापासून गायचे. तुकडे जोडण्याची सोय नव्हती. मेणाची थाळी जमली की तिला विद्युतवाहक पूड लावून त्यावर धातूचा मुलामा चढवीत. तो थर सोलून काढला की उलटा साचा मिळे, त्याला ‘मास्टर’ म्हणत. मास्टरवरून ‘मदर’, आणि मदरवरून प्रत्यक्ष छापायचे साचे. एका साच्यातून हजारभर तबकड्या नीट निघत, मग तो झिजे आणि मदरवरून दुसरा करायचा. ही मदर हाताशी असेपर्यंत पन्नास वर्षांनीही तीच तबकडी कोरी छापता येते. म्हणून मी सुरुवातीला साच्यांची गोष्ट काढली.

छपाईचा लगदा लाखेचा. बंदिस्त खोलीत वाफेवर तापलेल्या दाबयंत्रात खाली एक साचा, वर एक साचा. दोन्हीकडे कागदी लेबल. मध्ये गरम लगद्याचा गोळा. दाब दिला की अर्ध्या-पाऊण मिनिटात तबकडी तयार. लेबल डिंकाने चिकटवलेले नसते, ते त्याच दाबाखाली लाखेत बसलेले असते. हे लक्षात ठेवावे, पुढे कामाला येणार आहे. लगद्यात लाख एकटी नसे. दगडाची बारीक पूड, काजळी, थोडे कापसाचे तंतू असे मिश्रण असे. दगडाची पूड मुद्दाम घालीत, कारण तिने पोलादी सुई घासली जाऊन तिचे टोक चरीच्या मापाचे होई. म्हणून दर बाजूला सुई बदलायची असते. आमच्या भागातल्या रेकॉर्डी घासलेल्या निघतात त्याचे कारण हेच. सुयांची डबी मुंबईहून यायची. मग एकाच सुईवर अख्खी रात्र काढायची.

लाख ही हिंदुस्थानची मक्तेदारी. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा बसतो आणि त्याच्या स्रावाचा थर जमतो, तो खरवडून लाख होते. छोटा नागपूरच्या जंगलात आदिवासी ती गोळा करीत. संशोधनासाठी रांचीजवळ नामकूमला १९२० च्या दशकात संस्थाही निघाली. आपले सुतार लाकडाला पॉलिश करताना जो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात तीच ही लाख. सगळ्या जगाच्या तबकड्या आपल्या झाडांवरच्या किड्यांवर अवलंबून होत्या आणि तरी तबकडीचा धंदा लंडनहून चाले. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडला तेव्हा अमेरिकेत १९४२ साली रेकॉर्ड कंपन्यांना लाखेच्या वापरात सत्तर टक्के कपात करावी लागली. त्याच काळात वडाळ्याची कंपनी सातव्या-आठव्या वर्षात होती, आणि ती युद्ध ओलांडून पुढे गेली.

आता गायकांकडे वळतो. १९३५ हे साल मराठी गाण्याच्या दृष्टीने मोठे विचित्र आहे. १९३१ ला ‘आलम आरा’, १९३२ ला ‘अयोध्येचा राजा’, आणि बोलपट गावोगाव पोहोचू लागला तशी संगीत नाटके ओस पडू लागली. खुद्द बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त उभे राहिले. नाटक कंपन्यांत पोरवयापासून तालीम घेतलेली माणसे रिकामी होत होती. दुसऱ्या बाजूला शहरांत गायनाचे क्लास निघालेले, शिकलेल्या घरांतील मुली पेटीवर गाऊ लागलेल्या, आणि भावगीत नावाचा नवा प्रकार रुजत होता. जी. एन. जोशी, जे. एल. रानडे, पुढे गजाननराव वाटवे ही त्यातली ठळक नावे. भावगीत हे खरे तर तबकडीचेच अपत्य आहे: तीन मिनिटांत सुरू होऊन तीन मिनिटांत संपणारे. गाणाऱ्यांची संख्या अशी एकदम वाढली आणि मोठ्या कंपनीचा दरवाजा होता तेवढाच राहिला. ज्यांना तिथे जागा नव्हती, त्यांतले कितीतरी जण वडाळ्याला गेले.

‘हौशी’ हा शब्द आपण आज थोडा नाक मुरडून वापरतो. त्या काळी त्याला निराळा अर्थ होता. बंगालात लालचंद बोराल यांच्यासारख्यांच्या तबकडीवर नावापुढे ‘हौशी’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द छापीत. हे गृहस्थ पैशासाठी गात नाहीत, घरंदाज आहेत, असे गिऱ्हाइकाला कळावे म्हणून. म्हणजे तो कमीपणा नव्हता, अब्रूची पाटी होती. ‘यंग इंडिया’चे हौशी सगळे त्या अर्थाने हौशी नसतील, पण त्यांना नवशिके समजून त्यांच्या तबकड्या बाजूला ठेवणे मला पटत नाही. एखाद्या काळात सामान्य शिकलेला माणूस कसा गात होता, सूर कुठे लावत होता, ‘च’ आणि ‘ज’ कसे उच्चारत होता, पेटी आणि तबला किती मागे ठेवले जात, हे समजायला बालगंधर्वांची तबकडी उपयोगी नाही. ते एकच होते. त्यासाठी हे दुय्यम म्हटले गेलेले आवाज लागतात. अल्लादिया खाँसाहेब आणि भास्करबुवा बखले यांचे एकही ध्वनिमुद्रण मागे राहिले नाही याबद्दल आपण गेली शंभर वर्षे हळहळतो. ज्यांचे मुद्रण झाले होते आणि तरी गेले, त्यांच्याबद्दल कुणी हळहळत नाही.

आता महाड. हे गाव सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या कुशीत आहे. मुंबईचा माल येथे दासगावच्या बंदराने येई; १९२७ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर दुसऱ्या परिषदेसाठी ‘पद्मावती’ बोटीने निघून दासगावलाच उतरले होते. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर जे झाले ते जगाला माहीत आहे, पण त्या परिषदेचा आवाज कुठेही नाही. तो टिपायचा तर मेणाच्या थाळ्या, यंत्रे आणि इंजिनियर असा सारा संसार महाडला आणावा लागला असता, आणि १९२७ साली अस्पृश्यांच्या परिषदेसाठी तो कोण आणणार होते? बाबासाहेबांचा स्वर आज आपण ऐकतो तो प्रामुख्याने १९५५ च्या बी.बी.सी.वरील मुलाखतीतला. ‘यंग इंडिया’ बंद पडली तेच हे वर्ष. योगायोग आहे, त्याहून जास्त त्यात काही नाही. पण कोणाचा आवाज कधी टिपला जातो हा प्रश्न आमच्या गावात तरी निव्वळ संगीताचा राहत नाही.

फोनो आमच्याकडे दोन वाटांनी आला. एक वाट व्यापाऱ्यांची. महाडच्या बाजारपेठेतल्या पेढ्यांच्या वर राहणाऱ्या कुटुंबांनी कर्ण्याचा किंवा पेटीचा फोनो घेतला. तिथे नाट्यगीते, भजने, थोडे शास्त्रीय. दुसरी वाट चाकरमान्यांची. पोलादपूरच्या डोंगरातल्या गावांतून घरटी एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत असे. शिमग्याला नि गणपतीला येताना त्याने जुन्या बाजारातून घेतलेला चावीचा फोनो गोधडीत गुंडाळून आणायचा, आणि आठ दिवस अख्ख्या वाडीने ऐकायचा. या दुसऱ्या वाटेने आलेल्या ढिगात ‘यंग इंडिया’च्या तबकड्या जास्त सापडतात, असा माझा अनुभव आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत मी सवडीने या दोन तालुक्यांतली बरीच घरे पालथी घातली आहेत. रेकॉर्ड मागितली की लोक आधी हसतात, मग शिडी लावतात. कणगीवर झाकण म्हणून ठेवलेली तबकडी मी पाहिली आहे. गरम पाण्यात टाकून कडा वळवून केलेली कुंडी तर तीन घरांत पाहिली. त्यांतल्या एकीच्या तळाशी लेबल शाबूत होते, आणि त्यावर ‘यंग इंडिया’.

या भागात रेकॉर्डचा खरा शत्रू पाणी. २५-२६ जुलै २००५ ला दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गाव दरडीखाली गेले, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथे माणसे गेली, आणि महाडची बाजारपेठ अक्षरशः बुडाली. अशा वेळी तबकड्यांबद्दल बोलणे कुणाला कसेसेच वाटेल, मलाही तेव्हा वाटले. माणसे, जनावरे, दुकाने यांचा हिशेब लागल्यावर महिन्या-दीड महिन्याने मी एका ओळखीच्या घरी गेलो. तिथे अंगणात सुकायला टाकलेल्या चोपड्या आणि भांड्यांत एक तबकड्यांची चवड होती. लाख पाण्याला दाद देत नाही म्हणतात ते अर्धवट खरे आहे. लाख टिकते, पण तिच्यातले कापसाचे तंतू पाणी पितात, पृष्ठभाग राखाडी पडतो, चरीत गाळ बसतो. आणि लेबल? ते दाबाने बसलेले, डिंकाशिवाय. चार दिवस पाण्यात राहिले की फुगते आणि सोलून निघते. त्या चवडीतल्या निम्म्याहून जास्त तबकड्या मधोमध कोऱ्या काळ्या होत्या.

लेबल गेले म्हणजे नेमके काय गेले? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. अगदी सुरुवातीच्या काळातल्या तबकड्यांवर गाणे संपताना गायिका स्वतःचे नाव उच्चारीत असे. गौहरजानचे इंग्रजीतले नाव सांगणे प्रसिद्धच आहे. त्यामागे मिरवण्याची हौस नव्हती. मेण हॅनोव्हरला जायचे, तिथल्या जर्मन कारागिराला गाणे कोणाचे हे कळण्याची दुसरी सोय नसे. कारखाने इथे आल्यावर ती गरज संपली आणि प्रथाही मोडली. त्यामुळे १९०५ ची लेबल नसलेली तबकडी आपले नाव सांगते, १९४५ ची सांगत नाही. ‘यंग इंडिया’चा सगळा जन्म या मुक्या काळातला.

बरे, लेबल असले तरी नाव खरे असेलच असे नाही. थोर गायिका गंगूबाई हनगल यांच्या १९३० च्या दशकातल्या सुरुवातीच्या तबकड्या एच.एम.व्ही.ने ‘गांधारी’ या नावाने काढल्या. आमच्या नदीचेच नाव! गंगेची गांधारी कशी झाली याचा विचार करत मी एकदा पुलावर बराच वेळ उभा होतो. गंगूबाई पुढे मोठ्या झाल्या, त्यामुळे गांधारी कोण हे आज कुणालाही सांगता येते. वडाळ्याला टोपणनावाने एकच तबकडी देऊन संसारात परतलेल्या बाईचे काय?

उरतो तो क्रमांक. जवळपास प्रत्येक ७८ च्या तबकडीवर लेबलच्या कडेला किंवा लेबलखाली, लाखेतच, एक आकडा उमटलेला असतो. मेणावर मूळ मुद्रण झाले तेव्हाच तो कोरला जातो, म्हणून पुराला, उंदराला, वाळवीला तो पुसता येत नाही. पण आकडा म्हणजे कुलूप. किल्ली कंपनीच्या सूचिपत्रात. कोणता आकडा, कोणते गाणे, कोण गायले, हे सूचिपत्र सांगते. म्हणून माझ्या लेखी ‘यंग इंडिया’ची फाटकी सूचिपुस्तिका ही तिच्या तबकडीपेक्षा कांकणभर जास्त मोलाची. कागदी पाकिटे, जाहिरातीची पत्रके, दुकानदारांना पाठवलेल्या याद्या हे सगळे त्याच पंगतीतले.

सुदैवाने हे ओळखणारी माणसे आधीच झाली. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. तिचे सचिव सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढले, गावोगावचे संग्राहक जोडले, आणि ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दप्तरे वाचवण्याच्या योजनेतून खास ‘यंग इंडिया’साठी प्रकल्प मिळवला. तबकड्या, लेबले, पाकिटे, सूचिपत्रे यांच्या संगणकीय प्रती त्यातून तयार झाल्या. लंडनच्या कंपनीला टक्कर देणाऱ्या देशी लेबलचा दस्तऐवज अखेर लंडनच्या ग्रंथालयाच्या योजनेतून जपला गेला. यात खंत करावी की आनंद, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तरी काम झाले याचा आनंद अधिक आहे.

कंपनी बुडाली का, यावर माझे मत असे. पन्नाशीच्या सुरुवातीला रेकॉर्डचा बाजार जवळजवळ संपूर्ण चित्रपटगीतांचा झाला, आणि चित्रपटगीत हे करारावर चालते. निर्मात्याने ज्या कंपनीशी करार केला, तिचीच तबकडी. १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली तेव्हा रेडिओ सिलोनने ती उचलली, आणि तिथे वाजायची तीही मोठ्या कंपन्यांच्या करारातली गाणी. नवखा गायक तीन मिनिटे ऐकायला पैसे मोजणारे गिऱ्हाईक कमी होत गेले. शिवाय पाश्चात्त्य देशांत १९४८ पासून न फुटणारी, संथ फिरणारी एल.पी. आली होती. ती इथे येणार हे उघड होते, आणि त्यासाठी लाखेचा सगळा कारखाना मोडून नवा उभारावा लागणार होता. छोट्या कंपनीने अशा वेळी शटर ओढले तर नवल नाही. धातूच्या साच्यांना मोडीत चांगला भाव येतो, हेही खरे.

वडाळ्याने जे केले ते पुढे तीस वर्षांनी कॅसेटने केले. ऐंशीच्या दशकात कॅसेटची छपाई इतकी स्वस्त झाली की कारखाना लागेनासा झाला; दोन यंत्रे आणि एक खोली पुरे. मुंबईत छोट्या छोट्या कंपन्या निघाल्या आणि आमच्या भागातल्या जाखडीला, शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जबाबाला, भजनी मंडळांना पहिल्यांदा विकत मिळणारे रूप आले. मोठ्या कंपनीने ज्यांना कधी विचारलेही नसते असे शाहीर पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवरच्या टपरीत वाजू लागले. त्या कॅसेटची फीत आता बुरशीने चिकटते आहे, कव्हरवरचे नाव उन्हाने उडते आहे. लाखेची तबकडी ऐंशी-नव्वद वर्षे टिकली. फीत चाळिशीतच थकली. म्हणून ज्यांच्या घरी शक्ती-तुऱ्याच्या कॅसेटी आहेत त्यांना मी सांगतो, आधी त्या उतरवून घ्या, माझ्या रेकॉर्डी थांबतील.

हे उतरवून घेणे कायद्यात बसते का, असे लोक विचारतात. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. ‘यंग इंडिया’ची शेवटची तबकडी १९५५ ची धरली तरी उशिरात उशिरा ३१ डिसेंबर २०१५ ला तो हक्क संपला. मात्र तबकडीत गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क वेगळा असतो, आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. माधव ज्यूलियन १९३९ ला वारले, त्यांच्या कवितेवरचा हक्क केव्हाच सुटला. ग. दि. माडगूळकर १९७७ ला गेले. त्यांच्या शब्दांवरचा २०३७ अखेरपर्यंत आहे. घरच्या घरी जपणुकीसाठी प्रत करणे आणि ती चार लोकांत वाटणे किंवा विकणे या दोन गोष्टींत म्हणून फरक ठेवावा.

शेवटी घरी तबकड्या असणाऱ्यांसाठी. त्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. खालच्यावर वजन आले की तडा जातो. पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीही लावू नये. सुताराचा चपडा ज्यात विरघळतो त्यातच तबकडीही विरघळते. कोमट नव्हे, साधे गार पाणी, अगदी थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश, तोही चरीच्या दिशेने. लेबल शाबूत असेल तर त्यावर बशी धरून ते कोरडे राखावे. लेबल गेले असेल तर तबकडी टाकून देऊ नये. दुपारच्या तिरप्या उन्हात ती हातात फिरवली की मधल्या गुळगुळीत पट्ट्यात आकडा दिसतो. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घासली की तो कागदावर उमटतो. दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे असतात, दोन्ही घ्यावेत. आपल्या जुन्या हातांच्या लिखाणात १ आणि ७ सारखे दिसतात, तेव्हा भिंग लावून एकदा पुन्हा पाहावे, आणि कागदाच्या पाठीवर गावाचे नाव व तबकडी घरात कोणी आणली हे लिहून ठेवावे.